ऑरिनच्या खांद्यासाठी उपास

१५ मार्च १९५४, सोमवार

ही वही बिशप लुंड यांनी मला अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवसाला दिली. आम्हा मॉर्मन लोकांत प्रत्येकाने आपलं रोजचं लिहून ठेवायचं असतं, म्हातारीनेसुद्धा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, बिशप, मला एक अक्षर वाचता येत नाही, ही वही म्हणजे टर्कीला कंगवा. ते हसले आणि वही टेबलावर ठेवून गेले. बिशप लोकांना ऐकवायची सवय असते, ऐकायची नसते.

तेव्हा मी सांगणार आणि अर्डिस लिहिणार. अर्डिस म्हणजे माझ्या अँटनची मुलगी. वय एकोणीस, अक्षर मोत्यासारखं, चेहरा मात्र दोरीवर विसरलेल्या कपड्यासारखा लांब. (लिही. मी सांगते तेच लिहायचं, ठरलंय आपलं.)

अक्षरं का नाही शिकलीस, असं ती विचारते. सहाव्या वर्षी बापाने मेंढ्यांमागे डोंगरावर धाडलं. भावांना पाटी मिळाली, मला काठी. मेंढ्यांनी मला कधी पत्र लिहिलं नाही, त्यामुळे काही अडलं नाही.

परवा ऑरिन जाणार. ऑरिन अर्डिसचा थोरला भाऊ, तेवीस वर्षांचा. तो बेसबॉलमध्ये चेंडू फेकतो. त्याच्या उजव्या हातातून सुटलेला चेंडू मला तर दिसतच नाही, नुसता ऐकू येतो. मधली दोन वर्षं तो धर्मप्रचाराला डेन्मार्कला जाऊन आला. जायच्या आधी एका क्लबचा माणूस इथे आला होता. दोन वर्षांत हाताला गंज चढेल म्हणाला. ऑरिन गेलाच. परत आला तर तोच माणूस पुन्हा दारात उभा. त्याने कॉफी मागितली. आमच्या धर्मात वर्ज्य म्हणून घरात कॉफी नाही की चहा नाही, मी त्याला भाजलेल्या सातूचं गरम पेय दिलं. त्याने डोळे मिटून शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. तेव्हाच मी ओळखलं, याला आमचा पोरगा फार हवाय.

१७ मार्च, बुधवार

गेला. अँटन बाहेर गाडीचा हॉर्न वाजवत होता आणि मी पाव मळत होते. ऑरिन निरोप घ्यायला आला तशी मी त्याचा उजवा हात धरला. म्हटलं, रविवार देवाचा, त्या दिवशी चेंडू फेकायचा नाही.

"क्लबला सांगितलंय आजी. शक्यतो नाही देणार म्हणाले."

"शक्यतो हे त्यांचं झालं. तुझं काय?"

तो हसला. "नाही फेकणार."

मग मी हात सोडला. माझ्या हाताचं पीठ त्याच्या हाताला लागलं. पुसायला निघाला, मी म्हटलं, राहू दे, बसमध्ये लोक विचारतील तेव्हा सांग, आजीने शिक्का मारलाय.

त्याची आई लिओरा परसात जाऊन रडली. मी रडले नाही. पाव मात्र जरा खारट झाला.

२९ एप्रिल, गुरुवार

ऑरिनचं पत्र. टेक्ससच्या एका गावात आहे, खालच्या वर्गाच्या संघात. चांगला खेळला तर वर नेतील, तिथून आणखी वर. तिथे एप्रिलमध्येच इतकं उकडतं की घराच्या मालकीणबाई दुपारी न्हाणीघराच्या फरशीवर झोपतात. संघातली मुलं त्याला एल्डर म्हणतात, आमच्यात प्रचाराला गेलेल्या पोरांना म्हणतात तसं. जेवणाच्या टेबलावर सगळे बिअर मागवतात आणि एकजण वेटरला सांगतो, आमच्या एल्डरना दूध आणा, आणि बाटलीला बाळाची चोखणी आहे ना बघा. ऑरिन म्हणतो, चेष्टा करतात पण त्याच्यापुढे शिव्या जरा कमी देतात.

तीन सामने खेळला, दोन जिंकला. अर्डिसने दोनदा वाचून दाखवलं. मी म्हटलं, तिसऱ्यांदा वाच, ते दुधाचं.

२४ मे, सोमवार

टर्कीची नवी पिल्लं आली, आठशे. टर्कीइतका मूर्ख प्राणी देवाने केला नाही. पाऊस पडला की तोंड वर करून बघत राहतं. त्यांना शिकवावं लागतं की हे पाणी, हे प्यायचं. अँटन एकेकाची चोच धरून बुडवतो.

पिल्लांखाली घालायला अँटन जुनी वर्तमानपत्रं वापरतो. एक गंमत माझ्या लक्षात आली. मंगळवारचं वर्तमानपत्र आठवडाभर स्वयंपाकघरात लोळतं, गुरुवारचंही. सोमवारचं मात्र सकाळीच पिल्लांखाली जातं. मी म्हटलं, अँटन, सोमवारच्या बातम्या टर्कींना विशेष आवडतात का? तो म्हणाला, सोमवारचा कागद जाड असतो आई. मला काय, सगळे कागद सारखेच.

ऑरिनचं पत्र आलं. पाकीट जाड होतं. अर्डिसने वाचलं तेवढ्यात माझे दोन बटाटेसुद्धा सोलून झाले नाहीत. म्हटलं, एवढंच? म्हणाली, मोठं मोठं लिहिलंय त्याने. ऑरिनचं अक्षर मोठं झालं असेल. माणूस मोठा झाला की सगळंच मोठं होतं.

२० जून, रविवार

चर्चमधून बाहेर पडताना बिशपच्या बायकोने माझा हात हातात घेतला. म्हणाली, स्टीनाकाकू, तरुणांना काय काय करावं लागतं बाहेर, आपण समजून घ्यायचं. मला वाटलं, तिचा धाकटा सिगारेट ओढायला लागला. मी म्हटलं, घे समजून. ती माझ्याकडे बघतच राहिली.

ऑरिन नऊ सामने जिंकला. वरच्या क्लबचा माणूस त्याला बघून गेला.

८ जुलै, गुरुवार

पत्र चांगलं नाही. ऑरिनचा उजवा खांदा दुखतो. चेंडू फेकून झाला की हात वर करून केससुद्धा विंचरता येत नाहीत. संघातले दोन फेकणारे आजारी पडलेत, म्हणून त्याच्यावर जास्त पाळ्या येतात. मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणतो, खांदा दुखतोय म्हणणारे मी रोज दोन घरी धाडतो. ऑगस्टमध्ये वरचा क्लब एक माणूस उचलणार आहे. तोपर्यंत खांदा टिकला तर टिकला.

मी जेवायला बसलेल्यांना सांगितलं, एक ऑगस्टला उपासाचा रविवार आहे. दर महिन्याचा पहिला रविवार आम्ही निर्जळी करतोच, शनिवार संध्याकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत. या वेळी सगळ्यांनी ऑरिनच्या खांद्यासाठी करायचा. ऑरिननेही तिकडे करायचा. सगळ्या घराचा उपास एका खांद्यामागे उभा राहिला तर देवाला बघावंच लागेल.

अर्डिस म्हणाली, त्यालाही कळवू? मी म्हटलं, त्याचाच खांदा, त्याला नाही तर काय टर्कींना कळवणार?

२१ जुलै, बुधवार

ऑरिनचं पत्र आलं. पुन्हा जाड, पुन्हा चटकन संपलं. खांदा तसाच आहे. उपास करणार म्हणतो.

नंतर चेरीच्या बिया काढताना अर्डिसने उगीचच विचारलं, "आजी, उपासाच्या दिवशी कुणाला उन्हात अंगमेहनतीचं काम आलंच, टाळता येणार नाही असं, तर त्याने पाणी प्यावं का?"

मी म्हटलं, कुणाला?

"असंच. कुणालाही."

मी म्हटलं, तुझ्या आजोबांची गोष्ट विसरलीस? ती म्हणाली, नाही, पण सांग. तर लिही.

पाटाच्या पाण्याची पाळी काही रविवार बघून येत नाही. ज्या दिवशी आपलं नाव, त्या दिवशी पाणी आपल्या शेतात घ्यायचं, नाही तर वर्ष गेलं. त्या ऑगस्टला आमची पाळी नेमकी उपासाच्या रविवारी आली. जेन्स पहाटे फावडं घेऊन पाटात उतरला आणि संध्याकाळपर्यंत बांध फोडत, बांध घालत राहिला. गुडघाभर पाण्यात उभा, डोक्यावर तो सूर्य, आणि तोंडात एक थेंब नाही. संध्याकाळी तसाच ओल्या पायांनी साक्षीच्या सभेला आला, जिथे उपासाच्या रविवारी जो तो उठून देवाने आपलं काय केलं ते सांगतो.

ही गोष्ट मी पन्नास वर्षं साक्षीच्या सभेत सांगत आले आहे. लहान मुलांना पाठ आहे.

"म्हणजे नाही प्यायचं," अर्डिस म्हणाली.

मी म्हटलं, पाणी पिऊन केलेला उपास म्हणजे घरी बसून केलेला प्रवास. ती हसली नाही. हल्ली माझ्या विनोदांना ती हसत नाही.

१ ऑगस्ट, रविवार

झाला उपास. काल संध्याकाळी पाच वाजता सगळे शेवटचं जेवले. आज अंगणातली कुत्रीसुद्धा सावली सोडायला तयार नव्हती. अँटनचे ओठ सुकले होते, पण बोलला नाही. चर्चमध्ये पावाचा तुकडा आणि पाण्याचा तो छोटा पेला फिरवला, अंगठ्याएवढा. उपासाच्या दिवशी पोटात जातं ते तेवढंच. तो घोट जिभेवर इतका लागतो की म्हातारपणीसुद्धा डोळ्यांत पाणी येतं.

साक्षीची वेळ आली तशी मी उठले. ऑरिनच्या खांद्याचं सांगितलं आणि जेन्सची गोष्ट सांगितली. बिशप लुंड मान डोलावत होते. मागून कुणीतरी हुंदका दिला. मला वाटलं, आज मी फार छान सांगितली.

घरी येऊन पाच वाजता पाव आणि दूध घेतलं. अर्डिस जेवली नाही. म्हणाली, भूक नाही. सारखी रस्त्याकडे बघत होती. मी तिला चिडवलं, कुणी तरुण यायचा होता का? उठून आत गेली.

आत्ता हे लिहितानाही तिचा हात जड आहे. पण मला आज हलकं वाटतंय. तिकडे माझ्या पोराच्या खांद्याचं दुखणं थोडं तरी उतरलं असेल.

२ ऑगस्ट, सोमवार

तार आली. ऑरिन काल दुपारी मैदानावर कोसळला. उन्हाने. इस्पितळात आहे, शुद्धीवर नाही. अँटन आणि लिओरा दुपारच्या बसने निघाले.

मैदानावर, असं तारेत आहे. मी अर्डिसला तीनदा वाचायला लावलं. काल रविवार होता.

४ ऑगस्ट, बुधवार

अर्डिस लिहायला तयार नव्हती. मी म्हटलं, सुखाचं लिहिलंस, हेही लिहायचं.

काल मी तिला म्हटलं, ऑरिनची सगळी पत्रं आण आणि जे वाचलं नाहीस ते वाच. तिला वाटलं होतं मला कळत नाही. अक्षर नाही कळत मला, पण बटाटे कळतात.

ती माझ्या पलंगाच्या कडेला बसून वाचू लागली. दहा पत्रांत आणखी दहा पत्रं होती.

मे महिन्यात क्लबवाल्यांनी त्याला सांगितलं होतं, रविवारी फेक, नाही तर घरचं तिकीट घे. रविवारी सगळ्यांत जास्त लोक येतात. त्याने फेकला. मग दर दुसऱ्या रविवारी फेकत राहिला. सोमवारच्या वर्तमानपत्रात आमच्याकडच्या पोरांचे आकडे छापून येतात, त्यात त्याचं नाव असायचं. अँटनला ठाऊक. लिओराला ठाऊक. बिशपच्या बायकोला ठाऊक. आठशे टर्कींना ठाऊक.

"आजीला सांगू नकोस," असं त्याने अर्डिसला लिहिलंय. "चेंडू धरला की हाताला पीठ लागल्यासारखं वाटतं."

मग एकवीस जुलैचं पत्र. ते वाचताना अर्डिस तीनदा थांबली.

"एक तारखेला मलाच फेकायचंय. वरच्या क्लबचा माणूस नेमका त्याच दिवशी येतोय. इथे दुपारी मैदानावर उभं राहवत नाही. पाणी चालेल का, ते आजीला कसंही करून विचार, पण खेळाचं कळू देऊ नकोस. ती हो म्हणाली तर पिईन. ती नाही म्हणाली तर नाही. रविवार तर मोडलाच आहे, उपास तरी पुरा करतो."

आणि अर्डिसने मला विचारलं होतं. आणि मी जे सांगितलं ते तिने त्याला कळवलं. आजोबा पाण्यात उभे होते आणि थेंब घेतला नव्हता.

त्याचं शेवटचं कार्ड शुक्रवारी आलं होतं, तेही तिने दाबून ठेवलं होतं. त्यात एकच ओळ. "आजोबांना जमलं तर मला जमेल, माझ्या तर पायाखाली पाणीही नाही."

वाचून झाल्यावर अर्डिस म्हणाली, "मीच केलं हे."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

९ ऑगस्ट, सोमवार

दुकानातल्या फोनवर अँटनचा फोन आला. मी पहिल्यांदाच त्या नळीत कान घातला. अँटन नळीतून ओरडत होता, जसं काही टेक्सस खरंच तेवढं लांब आहे.

पाचव्या दिवशी ऑरिनने डोळे उघडले. अंगात इतका ताप होता की बर्फात घालून ठेवला होता. डॉक्टर म्हणाले, जगेल. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, अँटनने विचारलं नाही.

संघातली मुलं भेटायला आली होती. दूध मागवणारा तो एकजण अँटनपाशी बसून रडला. म्हणाला, आम्ही दर डावानंतर त्याला पाण्याचा डबा देत होतो. तो तोंडात घ्यायचा, गुळणी करायचा आणि थुंकायचा. उरलेलं डोक्यावर ओतायचा. आम्हाला वाटलं, पितोय. सातव्या डावात त्याला घाम येणं थांबलं. आठव्यात तो पंचाकडे बघून हसला आणि पडला.

वरच्या क्लबचा माणूस सहाव्या डावानंतर निघून गेला होता. ऑरिनला घ्यायचं, हे त्याने तोवर ठरवलंही होतं म्हणे.

२२ ऑगस्ट, रविवार

एकवीस जुलैचं पान अर्डिसला फाडायचं होतं. आज मी तिला वहीसकट पकडलं. वही हिसकावून घेतली आणि म्हटलं, ते पान दाखव. तिने दाखवलं. त्या पानात मी टर्कीचं पीस घातलं. आता कुणी वाचताना ते पान गाळलं तर मला बोटांनी कळेल.

तिने विचारलं, का ठेवायचं? मी म्हटलं, त्यावर माझं बोलणं आहे, तुझं नाही.

तिला वाटलं मी रागावले आहे. मी रागावलेच आहे. पण कुणावर, ते मला अजून नीट सांगता येत नाही, म्हणून लिहू नको.

२८ ऑगस्ट, शनिवार

ऑरिन घरी आला. अँटनच्या खांद्यावर हात टाकून, दोन्ही पाय लांब लांब टाकत, जणू जमीन हलतेय आणि त्यालाच ते कळतंय. बोलतो तेव्हा शब्द एकमेकांना चिकटून येतात. दुसऱ्यांदा सांगावं लागतं. डॉक्टर म्हणतात, डोक्यातलं तोल सांभाळणारं काहीतरी उन्हाने जळलं. काही थोडं परत येईल, काही नाही.

खांदा आता दुखत नाही म्हणे.

मला बघून म्हणाला, "आजी, रविवारी फेकला मी." हे पहिलं वाक्य. माझी माफी मागत होता तो. मी त्याच्या खुर्चीपाशी गेले आणि त्याचा उजवा हात धरला. तो माझ्या हातात थरथरत होता, पकडलेल्या पिल्लासारखा. मी म्हटलं, जेव आधी. इतकी वर्षं माझी जीभ गावभर नावाजलेली, आणि जेव आधी.

५ सप्टेंबर, रविवार

उपासाचा रविवार. ऑरिनने उपास करू नये असं डॉक्टरांनी बजावलंय, लिओराने त्याला सकाळी दूध पाजलं. चर्चला यायचंच म्हणाला. पाण्याच्या पेल्यांचा ट्रे आमच्या बाकापाशी आला तेव्हा त्याने हात पुढे केला. अंगठ्याएवढा पेला. उचलला आणि ओठांपर्यंत न्यायच्या आत सगळं पाणी मांडीवर सांडलं. तो रिकामा पेला त्याने तोंडाला लावला. प्यायल्यासारखं केलं.

सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं. इतके भले लोक आहेत आमचे.

साक्षीच्या वेळी बिशपांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मागच्या बाकावरच्या पोरींनी आपसात काहीतरी कुजबुज केली. त्या जेन्सच्या गोष्टीची वाट बघत होत्या.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

आज कोठाराच्या मागे गेले तर ऑरिन तिथे होता. खांबावर बटाटे मारत होता. पायाशी अर्धी टोपली. बटाटे कोठाराच्या डाव्या बाजूला पडत होते, उजव्या बाजूला पडत होते, एक छपरावर जाऊन बसला. खांबाला एकही लागला नव्हता. मी दिसले तसा म्हणाला, "आजी, खांब हलतोय."

मी म्हटलं, मग त्याला उपास घडव, उभा राहील.

निघून गेलं तोंडातून. सवयीने. तो हसायला निघाला आणि थांबला. मी घरात आले आणि दार लावून बसले. अर्डिसने दोनदा हाक मारली.

(हे सगळं लिही. तुझं अक्षर हललं तरी चालेल.)

७ नोव्हेंबर, रविवार

आज बरंच आहे, लेखणी भरून घे.

साक्षीच्या सभेत मी उठले. पुढच्या बाकाला धरलं. बिशप लुंड हसले, त्यांना वाटलं, आली म्हातारी वळणावर. मी म्हटलं:

"पन्नास वर्षं मी तुम्हाला जेन्सचं सांगत आले. आज राहिलेलं सांगते. त्या दुपारी मी त्याला बघायला पाटावर गेले होते. मी आल्याचं त्याला कळलं नाही. त्याने फावडं काठावर टेकवलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, गुडघ्यावर बसला आणि ओंजळी भरभरून प्यायला. थांबला, पुन्हा प्यायला. त्याला लाज वाटू नये म्हणून मी विलोच्या झाडामागे झाले. संध्याकाळी इथे कुणीतरी त्याला म्हणालं, जेन्स, दिवसभर पाण्यात तहानलेला उभा होतास? तो खाली बघत राहिला. मीच म्हटलं, एक थेंब नाही घेतला. पहिल्यांदा म्हटलं ते त्याला सांभाळायला. नंतर मला ती गोष्ट आवडायला लागली. जेन्स मेला तशी आणखी आवडायला लागली. माझ्या नातवाने ती खरी मानली. तो तिच्यावर विसंबून उन्हात उभा राहिला."

मग मी बसले. मागे कुणाचं तरी बाळ दूध ओढतंय ते ऐकू येत होतं. ज्याला उपास नाही असं तेवढंच एक होतं तिथे, आणि ऑरिन. बिशपांनी स्तोत्र सांगितलं. लोक नीट गायलेसुद्धा नाहीत.

बाहेर पडताना कुणी माझ्याशी बोललं नाही. बिशपच्या बायकोने तेवढा माझा कोट सारखा केला. गाडीपर्यंत ऑरिन माझा हात धरून चालला. कोण कुणाला धरून होतं ते सांगता येणार नाही. गाडीपाशी थांबला आणि एकेक शब्द सोडवून घेत म्हणाला, "किती प्यायले आजोबा?"

मी म्हटलं, "बैलासारखा. मान वर केली तेव्हा मिशीतून धार लागली होती."

तो हसला. चालणं मोडलंय, बोलणं मोडलंय, हात तर गेलाच. हसणं अजून तसंच आहे, लहानपणी खोकल्यासारखं यायचं तसं. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला त्याचा हात वेळेवर पोचला नाही. मी पुसलं.

घरी आलो तेव्हा दोन वाजले होते. उपास सुटायला तीन तास होते. अँटन आणि लिओरा टर्कींकडे गेले. मी स्वयंपाकघरात तीन पेले घेतले, मोठे, दुधाचे, आणि नळाखाली काठोकाठ भरले. एक ऑरिनपुढे ठेवला. म्हटलं, तुला डॉक्टरांची परवानगी आहे, मला नाही, बघ मी काय करते. आणि माझा उचलला आणि प्यायले. सहाव्या वर्षापासून उपास करतेय, बहात्तर वर्षांत पहिल्यांदा. देवाने छप्पर पाडलं नाही. त्याला माझ्याविरुद्ध सांगायला आज दुसरं पुष्कळ होतं.

ऑरिनने पेला दोन्ही हातांनी धरला. अर्धं पाणी तोंडात गेलं, अर्धं सदऱ्यावर. मी सदरा पुसला नाही. त्याला पुन्हा भरून दिलं.

अर्डिस टेबलाच्या टोकाला बसून हे लिहिते आहे. जुलैपासून ती माझ्याकडे नीट बघत नाही, आणि मी तिला अजून म्हटलेलं नाही की तू विचारलंस, चूक उत्तर मी दिलं. आता म्हटलं. तिने ते जसंच्या तसं लिहिलं का ते मला वाचता येत नाही, पण तिचा हात थांबला तेवढा वेळ मी मोजला.

तिचा पेला तसाच भरलेला आहे.

लेखणी ठेव पोरी, आणि पी.